खिळ्यास टांगलेला तित्तिर

नवापूर व नंदुरबार यांच्यामधील चिंचपाडा परिसराच्या माळरानांत तित्तिराची उंच, लयबद्ध साद कानीं पडते. हा पक्षी आपल्या घरांस परका नाहीं. याज्ञवल्क्यांनीं परत टाकलेले यजुर्मंत्र वैशंपायनांच्या इतर शिष्यांनीं तित्तिररूप घेऊन टिपले, व त्यावरून तैत्तिरीय शाखेस नांव पडलें, ही कथा बहुतेकांस ठाऊक असेल. त्याच पक्ष्याच्या एका युरोपीय भाऊबंदाचें, मृतावस्थेंतील चित्र हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयांत आहे. चित्रकार यान बाप्टिस्ट वेनिक्स. काळ १६५० च्या सुमाराचा. फिकट भिंत, एक खिळा आणि एका पायानें उलटा टांगलेला पक्षी, एवढाच काय तो त्याचा विषय!

असलें चित्र घरांत कोणी कां लावावें? त्या काळीं युरोपांत शिकार हा मुख्यतः सरदार-उमरावांचा हक्क असे. स्वतः शिकार न करणारा धनिक व्यापारीहि भिंतीवर तिचें चित्र लावून त्या मानाचा वांटेकरी होई. अँटवर्पचे स्नायडर्स व फाइट आणि वेनिक्सचा पुत्र यान हे अशाच चित्रांमुळें नांवारूपास आले.

आपल्याकडील दृष्टि निराळी होती. १६१२ सालीं मुकर्रबखानानें गोव्याहून जहांगीर बादशहाकडे टर्की नांवाचा अपूर्व पक्षी नेला. मन्सूरच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या चित्रांत तो जिवंत, ऐटींत उभा आहे. पुढें १६२७ सालीं हॉलंडच्या पीटर क्लासनें तोच पक्षी रंगविला. पण तो मेजवानीच्या मेजावर, पदार्थाची शोभा म्हणून!

मग वेनिक्सचें चित्र मुलांपासून लपवावें काय? मला तसें वाटत नाहीं. त्यांत मेजवानी नाहीं, शिकाऱ्याची फुशारकीहि नाहीं. सैल पडलेले पंख आणि छातीवरील मऊ पिसें त्यानें इतक्या निष्ठेनें रेखाटलीं आहेत कीं, पाहणाऱ्याच्या मनांत भूक नव्हे, करुणाच उपजते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्याकडे तित्तिराच्या शिकारीस बंदी आहे; परंतु कायदा हात आवरतो, मन घडवीत नाहीं. तें काम अशा चित्रानें होतें. मुलांस तें अवश्य दाखवावें, आणि सुटींत एखाद्या सकाळीं माळावर नेऊन जिवंत तित्तिराची सादहि ऐकवावी.