कोर्टाच्या दारात पिशवीची तपासणी : अधिकार कोणाचा आणि कुठपर्यंत?



परंडा तालुक्यातील पारधी वस्त्यांवरची माणसे तारखेला कोर्टात जातात, तेव्हा पुष्कळदा मी त्यांच्यासोबत असतो. आपल्या मंडळीतले काही जण जामीनदार म्हणून येतात. वाटेत मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न खटल्याचा नसतो. तो असतो, "दारात पिशवी का बघतात? घेतलेली वस्तू परत देतील का?"

गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण त्याचा धाक घराघरांत उरला आहे. पोलिसाचा हात पिशवीत गेला की धडकी भरते, आणि एखादा दारातूनच माघारी फिरतो. आरोपी तारखेला गैरहजर राहिला तर वॉरंट निघू शकते, जामीनही धोक्यात येतो. म्हणून हा विषय समजून घेऊ.

तपासणी कशासाठी? 13 ऑगस्ट 2004 रोजी नागपूरच्या न्यायालयात अक्कू यादव या आरोपीला जमावाने कोर्टातच ठार केले. सुऱ्या आणि मिरचीपूड आतपर्यंत पोचली होती. 24 सप्टेंबर 2021 रोजी दिल्लीच्या रोहिणी कोर्टात वकिलांच्या वेशात आलेल्यांनी गोळ्या झाडल्या. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील न्यायालयांच्या सुरक्षेसाठी निर्देश दिले. म्हणजे ही तपासणी एका समाजासाठी नाही, सर्वांसाठी आहे.

इंग्लंडमध्ये 2003 च्या कायद्याने कोर्टाच्या सुरक्षा अधिकाऱ्याचे अधिकार नेमके लिहून ठेवले आहेत. तो अंगझडती घेऊ शकतो, पण कोट, जाकीट, टोपी, हातमोजे व पादत्राणे यांपलीकडे कपडे काढायला सांगू शकत नाही. धोक्याची वस्तू तो ठेवून घेतो आणि एरवी माणूस बाहेर पडताना ती परत करतो. आपल्याकडे अधिकार न्यायालयाच्या आदेशांतून आणि पोलीस कायद्यांतून येतात. म्हणून दोन शब्दांतला फरक लक्षात ठेवावा.

'ठेवून घेणे' म्हणजे अडकित्ता, कोयता, चाकू यांसारखी वस्तू दारात ठेवणे. ती तुमचीच राहते. तपासणीला नकार दिला तर आत जाता येत नाही, एवढेच.

'जप्त करणे' वेगळे. वस्तू चोरीची असल्याचा किंवा गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल, तर पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 106 खाली ती जप्त करू शकतात, आणि त्याची खबर दंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते. खासगी सुरक्षारक्षकाला पोलिसाचे हे अधिकार नसतात. राज्यघटनेचा अनुच्छेद 300अ सांगतो की कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येत नाही. गरिबाचा कोयता हीसुद्धा मालमत्ताच आहे. ऊसतोडीच्या दिवसांत त्याचे पोट त्यावरच असते.

स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, शालीनता सांभाळून घ्यावी, हा कायद्याचा जुना दंडक आहे. महिला पोलीस दारात नसेल तर "बाईंना बोलवा, मी थांबते" असे शांतपणे म्हणावे.

सोबत जाणाऱ्यांना माझ्या सूचना अशा :

1. कोयता, विळा, अडकित्ता, काडेपेटी घरीच ठेवायला सांगा.
2. समन्स, आधार कार्ड, जातीचा दाखला व जामिनाचे कागद एका वेगळ्या पिशवीत ठेवा.
3. वस्तू ठेवून घेतली तर कोणी व कुठे ठेवली ते विचारा, चिठ्ठी किंवा टोकन मागा.
4. परत मिळाली नाही तर दारात वाद न घालता वकिलामार्फत न्यायाधीशांना लेखी अर्ज द्या.
5. उशीर होणारच, म्हणून तासभर आधी पोचा.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मागता येतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा 15100 वर फोन करावा.

पुढच्या तारखांना सोबत येऊ शकणाऱ्यांनी मला आधी कळवावे. ओळखीचे माणूस शेजारी उभे असले की त्या दारातून आत जाणे सोपे होते.