माणसामागे माणूस : पडद्यावरच्या फुटबॉलमधील पासाची युक्ती

फुटबॉल म्हटले की आपल्याकडे पायाने खेळावयाचा खेळ डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत त्याच नावाने जो खेळ ओळखला जातो त्यात चेंडू लांबट व दोन्ही टोकांना निमुळता असतो, आणि तो बहुतेक वेळ हातांतच असतो. अशा परक्या खेळाचे आपल्या वार्षिकात काय काम, असे एखाद्या प्राध्यापकांना वाटणे साहजिक आहे. परंतु हा खेळ आता मोबाईलच्या पडद्यावर येऊन पोहोचला आहे. शिवाय २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याचाच एक सौम्य प्रकार, फ्लॅग फुटबॉल, खेळला जाणार आहे. आणि त्यातला जो डाव मी येथे सांगणार आहे त्याचे मर्म खो-खो खेळणाऱ्याला चटकन कळेल असे आहे.

पडद्यावरच्या ह्या खेळाचे सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे ‘मॅडन’. जॉन मॅडन हे अमेरिकेतील नामांकित प्रशिक्षक. त्यांच्या नावाचा पहिला खेळ १९८८ मध्ये संगणकावर आला. त्या काळच्या संगणकांना दोन्ही बाजूंचे बावीस खेळाडू पेलवत नव्हते. निर्मात्यांना कमी खेळाडूंवर भागवावयाचे होते. मॅडन यांनी हट्ट धरला की अकरा विरुद्ध अकरा नसतील तर तो फुटबॉलच नव्हे. हा हट्ट योग्यच होता, कारण ह्या खेळातील सारी बुद्धी माणसांच्या हिशेबात आहे.

तो हिशेब असा. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे असते. क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू चेंडू घेतो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात, आणि उरलेले पाच जण चेंडू झेलण्यासाठी ठरलेल्या वाटांनी धावतात. बचाव करणाऱ्यांपुढे दोन मार्ग असतात. प्रत्येकाने मैदानाचा एकेक तुकडा राखावयाचा, हा पहिला. त्यास ‘झोन’ म्हणतात. दुसरा, प्रत्येक झेलणाऱ्यामागे एकेक माणूस लावून द्यावयाचा. हेच ‘मॅन कव्हरेज’. पाचांमागे पाच गेले की बचावाकडे सहा उरतात. त्यांपैकी एकाला मागे राखणीला ठेवले तर पाच जण क्वार्टरबॅकवर तुटून पडू शकतात. कोणालाच न ठेवता सहाही धावून आले तर भिंतीतील पाचांना एक माणूस आवरतच नाही. तेव्हा पास देणाऱ्याच्या हाती दोन-अडीच सेकंदांहून अधिक वेळ नसतो. नवखा खेळाडू येथेच फसतो : कोणी मोकळा दिसेपर्यंत तो चेंडू धरून बसतो आणि चेंडूसकट आडवा होतो.

म्हणून पहिले काम, समोर कोणता बचाव आहे हे चेंडू हलण्यापूर्वीच ओळखणे. त्याची साधी कसोटी आहे. आपल्या एका झेलणाऱ्याला डाव सुरू होण्याआधी मैदानाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूस चालवावे. नियमाने ते चालते. त्याच्याबरोबर समोरचा एक गडी सावलीसारखा सरकत गेला तर बहुधा माणसामागे माणूस आहे. बचाववाले जागेवरच थोडेसे सरकले तर झोन समजावा. कसलेला प्रतिस्पर्धी येथेही फसवतो, हे मात्र ध्यानात असावे.

आता मुख्य गोष्ट. माणसाच्या मागे लागलेल्या गड्याची नजर माणसावर असते, चेंडूवर नव्हे. धावणाऱ्याला आपली वाट ठाऊक असते. पाठलाग करणाऱ्याला ती दर पावलाला नव्याने कळते. ह्या अर्ध्या पावलाच्या उशिरावरच पास टाकावयाचा. खो-खोत पाठलाग करणारा दिशेच्या नियमाने बांधलेला असतो. एकदा दिशा घेतली की खुंट गाठेपर्यंत त्याला मागे वळता येत नाही. येथे तसा नियम नाही, परंतु शरीराचा वेग तेच बंधन घालतो. बाहेरच्या बाजूस दोन पावले जोरात टाकून एकदम आत वळले की मागचा गडी बाहेरच वाहवत जातो. आपल्याकडे ह्याला हूल देणे म्हणतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. महिला संघाच्या कर्णधार प्रियंका इंगळे मूळच्या आपल्याच बीड जिल्ह्यातील. त्या स्पर्धेतील बचाव ज्यांनी पाहिला त्यांना हूल म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको.

दुसरी युक्ती गर्दीची. दोन झेलणारे समोरासमोरून, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळून आडवे धावत जातात. त्यांच्यामागचे दोघे एकमेकांच्या वाटेत येतात. एकाला वळसा घालावा लागतो आणि तेवढ्यात आपला माणूस सुटतो. मुद्दाम आडवे जाऊन अडविणे नियमबाह्य आहे, पण वाटा एकमेकींना छेदणे नाही. हा डाव मला सर्वांत आवडतो, कारण त्यात शक्तीपेक्षा वेळेचे मोल अधिक.

तिसरी, जोडी पाहण्याची. कोणामागे कोण लागला आहे हे पाहावे. चपळ धावपटूमागे एखादा जड अंगाचा गडी आला असेल, तर नामवंत झेलणाऱ्याचा मोह सोडून चेंडू तिकडेच द्यावा. आणि सर्वच जण आपापल्या माणसामागे पाठ फिरवून दूर गेले असतील, तर क्वार्टरबॅकने स्वत:च चेंडू घेऊन पळावे. त्याच्याकडे पाहावयास फारसे कोणी उरलेले नसते.

पास कसा द्यावयाचा, हेही थोडक्यात सांगतो. मॅडनमध्ये बटण दाबून धरले तर चेंडू सरळ व वेगाने जातो. नुसते टिचकीसारखे दाबले तर उंच तरंगत जातो. आडव्या धावणाऱ्याला सरळच हवा, आणि तोही त्याच्या पुढे, तो पोहोचणार त्या ठिकाणी. उंच चेंडू हवेत असताना मागे पडलेला गडीही येऊन पोहोचतो. लांब धावलेल्या माणसाने पाठलाग करणाऱ्याला पुरते मागे टाकले असेल, तेव्हाच उंच चेंडूचा विचार करावा.

मात्र ह्यातले काहीच सदासर्वकाळ चालत नाही. तुमचा आडवा डाव दोनदा साधला की समोरचा खेळाडू तिसऱ्या वेळी गुपचूप झोन लावतो. मग तुमचा झेलणारा एका माणसापासून सुटतो आणि थेट दुसऱ्या वाट पाहणाऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहतो. त्याच जागी, त्याच वेळी टाकलेला तोच चेंडू आता प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडतो. झोनपुढे झेलणाऱ्याने दोन तुकड्यांमधील मोकळ्या जागेत थांबावयाचे असते. माणूस मागे असताना मात्र थांबणे म्हणजे आपण होऊन सापडणे. तेव्हा प्रत्येक डावाआधी तो एक गडी आडवा चालवून पाहावा, मागच्या डावात काय दिसले होते ते विसरून.