वर्गातील अडगळ

मुलांनो, तुमच्या वर्गात एखादे कपाट असेलच. त्या कपाटाच्या डोक्यावर काय काय ठेवले आहे, ते कधी पाहिले आहे का? गुंडाळलेले फाटके नकाशे, स्नेहसंमेलनातले पुठ्ठ्याचे मुकुट, बंद पडलेले घड्याळ, रिकामे खोके. या वस्तू कोणी मुद्दाम जमवत नाही. "असू द्या, कधीतरी लागेल," असे म्हणून एकाने एक वस्तू ठेवली. दुसऱ्याने तिच्यावर दुसरी ठेवली. अशा बिनकामाच्या सामानाला मराठीत अडगळ म्हणतात. तुमच्या घरी कदाचित काठकबाड म्हणत असतील.

मी मालेगावात शिकवतो. येथे गल्लोगल्ली यंत्रमाग आहेत. कापसाचे बारीक तंतू हवेत उडतात आणि जागा मिळेल तिथे बसतात. आमच्या वर्गातल्या अडगळीवर त्यांचा चांगला जाड थर होता. पण खरे सांगायचे तर मला त्याचे काही वाटत नसे. मला जाग आली ती एका मुलीमुळे.

ही मुलगी तिसऱ्या रांगेत, खिडकीच्या बाजूला बसत असे. फळ्यावरचे मराठी उतरवताना ती 'ध' च्या जागी 'घ' लिही, 'भ' च्या जागी 'म' लिही. मी तिच्या वहीत लाल शाईने 'लक्ष द्या' असे लिहीत असे. एकदा तर साऱ्या वर्गासमोर तिला वेंधळी म्हणालो. पुढे एके दिवशी वीज गेली. मी सहज तिच्या बाकावर जाऊन बसलो आणि फळ्याकडे पाहिले. मघाशी मीच लिहिलेला 'धन' शब्द मला तिथून 'घन' दिसत होता! खिडकीची अर्धी बाजू मोठ्या कपाटाने झाकली होती आणि उरलेली अर्धी कपाटावरच्या खोक्यांनी. मी तिला विचारले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "सर, इथून सगळी अक्षरे सारखीच दिसतात."

कपाट हलवायचे ठरले. पण ते भरलेले असताना हलणार कसे? आधी रिकामे करणे भाग होते. शनिवारी शाळा सुटल्यावर आठ-दहा मुले थांबली आणि आम्ही एकेक वस्तू बाहेर काढू लागलो.

तुम्हांला वाटेल, जुने ते सगळे फेकून दिले की काम झाले. तसे नसते. शाळेची खुर्ची मोडली तरी ती शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत लिहिलेली असते. वरिष्ठांची मंजुरी घेऊन तिचे नाव नोंदवहीतून कमी करावे लागते. याला निर्लेखन म्हणतात. हे लिखापढीचे काम लांबते, म्हणून मोडकी खुर्ची वर्षानुवर्षे कोपऱ्यात उभी राहते. आम्ही मोडक्या सामानाची यादी करून मुख्याध्यापकांना दिली आणि सामान जिन्याखाली ठेवले. ते अजून तिथेच आहे!

कागदांना सर्वांत जास्त वेळ लागला. खालच्या कप्प्यातल्या वह्यांना कसर लागली होती. कसर म्हणजे चांदीसारखा चमकणारा, पंख नसलेला छोटा किडा. त्याला अंधार आणि ओल आवडते. कागदाबरोबर तो पुस्तकाच्या बांधणीतली खळही खातो. ज्या गठ्ठ्याला महिनोन्‌महिने कोणी हात लावत नाही, तिथे तो सुखाने राहतो.

उर्दूच्या जुन्या पुस्तकांत सुरुवातीला हम्द आणि नात असते. त्या पानात कोणी भजी बांधून दिली, तर आपल्याला पाहवणार नाही. ती पाने वेगळी काढून मशिदीतल्या पेटीत ठेवायची, असे ठरले. तेवढ्यात एका मुलाने गणिताची वहीही त्याच गठ्ठ्यात ठेवली. मी कारण विचारले. तो म्हणाला, "सर, पहिल्या पानावर 786 लिहिले आहे!" मी तेवढे पान काढून घेतले. अपूर्णांकांची उदाहरणे रद्दीत गेली.

मग निघाला भारताचा नकाशा. त्यात 25 राज्ये होती. नोव्हेंबर 2000 मध्ये छत्तीसगड, आजचे उत्तराखंड आणि झारखंड ही राज्ये झाली. 2014 मध्ये तेलंगण झाले. 2019 मध्ये जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. आज राज्ये 28 आहेत. दुसऱ्या एका तक्त्यात नऊ ग्रह होते. प्लूटोला तर 2006 मध्येच ग्रहांच्या यादीतून वगळले आहे. खुर्ची मोडली की दिसते, पण तक्ता खोटा झाला तरी दिसत नाही. तो भिंतीवरून चुकीचे शिकवत राहतो. नकाशा मात्र आम्ही टाकला नाही. त्यावर '2000 पूर्वीचा भारत' अशी चिठ्ठी लावून इतिहासाच्या तासासाठी ठेवला.

भिंतीवर चांगले तक्तेसुद्धा किती लावावेत, हाही प्रश्नच आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी 24 लहान मुलांवर केलेला एक प्रयोग 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. या मुलांना काही पाठ चित्रांनी भरलेल्या खोलीत शिकवले आणि काही पाठ साध्या खोलीत. भरलेल्या खोलीत मुलांचे लक्ष जास्त वेळा भिंतींकडे गेले. तिथल्या पाठांवरच्या प्रश्नांची सरासरी 42 टक्के उत्तरे बरोबर आली, साध्या खोलीतल्या पाठांवरची 55 टक्के. मुले थोडीच होती, म्हणून यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. तरी आम्ही फळ्याच्या दोन्ही बाजूंचे तक्ते काढले. चालू पाठाचा तेवढा एकच ठेवला. मुलांनी स्वतः काढलेली चित्रे मागच्या भिंतीवर लावली. ती काढून टाकायला माझे मन झाले नाही.

शेवटी सर्वांनी मिळून रिकामे कपाट मागच्या कोपऱ्यात सरकवले. भिंत आणि कपाट यांत चार बोटांची फट ठेवली. भिंतीतून वाळवी आली, तर त्या फटीतून दिसते आणि झाडूही फिरतो. आता खिडकीचा उजेड मुलांच्या डाव्या हाताकडून येऊ लागला. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला हा उजेड सोयीचा असतो, कारण हाताची सावली लिहिण्याच्या जागेवर पडत नाही. जे दोघे डाव्या हाताने लिहितात, त्यांच्या जागा आम्ही बदलल्या.

सोमवारी वर्ग भरला. त्या मुलीला मी वर्गासमोर वेंधळी म्हटले होते, म्हणून वर्गासमोरच तिची माफी मागितली. ती लाजली. थोड्या वेळाने उठून म्हणाली, "सर, आता खिडकी उघडू का?" कडी इतकी गंजली होती की ती तिच्याने हलेना. शिपाईचाचांनी येऊन तेल घातले, तेव्हा कुठे ती उघडली.