ब्रेक दाबायचा कोणी?

स्वायत्त यंत्रमानवाचे काम पाहणे, ठरवणे आणि करणे अशा तीन पायऱ्यांत चालते. पाहायला कॅमेरे आणि रडार आहेत, करायला मोटारी. घोडे अडते ते मधल्या पायरीवर. समोर ऑटो आहे एवढे कळून भागत नाही. तो पुढच्या दोन सेकंदांत काय करील, याचा अंदाज बांधावा लागतो.

नागपुरात २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'आयरास्ते' प्रकल्पात या कामाचा छोटासा भाग शहर बसमधल्या यंत्राकडे आला. महापालिका, इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्था त्यात सहभागी होत्या. बसच्या काचेवरचा कॅमेरा पुढचे वाहन किंवा पादचारी हेरतो आणि यंत्र धडकेला किती वेळ उरला ते काढते. बस ताशी ३६ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १० मीटर धावत असेल आणि १५ मीटरवर ऑटो उभा असेल, तर हाताशी दीड सेकंद. यंत्र इशारा देते. ब्रेक चालकच दाबतो.

चालक नसलेल्या गाडीला तेही स्वतःच करावे लागते. ती पुढचे अनेक मार्ग मनात आखते, प्रत्येकाला धोका, उशीर आणि धक्के यांची किंमत लावते, सर्वांत स्वस्त मार्ग निवडते आणि क्षणभराने सगळे पुन्हा मोजते. अगदी निकडीच्या वेळी एवढा हिशेब परवडत नाही. म्हणून यंत्रमानव-संशोधक रॉडनी ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये थरांची रचना मांडली: तव्याचा चटका बसताच हात मागे यावा, तसा खालचा थर वरच्याला न विचारता वागतो.

गर्दीत मात्र वेगळीच पंचाईत होते. नागपूरच्या सीताबर्डीसारख्या बाजारात प्रत्येक माणूस कुठेही वळू शकतो असे धरले, तर एकही मार्ग सुरक्षित ठरत नाही आणि यंत्र जागीच थिजते. ट्राउटमन आणि क्राउझे या संशोधकांनी २०१० मध्ये यावर तोड सुचवली: आपण पुढे सरकलो की माणसेही थोडी बाजूला होतात, हे गणितातच धरायचे. नागपूरकर दुचाकीस्वाराला हे कुणी शिकवावे लागत नाही.

चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून चालकविरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममध्ये सांगितले. म्हणजे ब्रेक चालकाकडेच राहणार, पण बसमधल्या इशाऱ्यांचा उपयोग त्याच्यापुरताच नाही. ते वारंवार कुठे वाजतात, यावरून अपघात होण्याआधीच धोक्याच्या जागा, म्हणजे 'ग्रे स्पॉट', शोधता येतात.