पालिकेची शाळा निवडताना

मुंबईत एकाच वस्तीत महापालिकेच्या दोन-तीन शाळा असतील, तर निवड कशी करावी? रंगवलेली इमारत किंवा इंग्रजी फलक हा पुरेसा निकष नव्हे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीत दर ३५ विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आवश्यक आहेत. प्रत्यक्षात किती, हे शाळेत विचारावे.

याहून महत्त्वाचा प्रश्न पुढच्या इयत्तांचा. मोफत शिक्षणाची या कायद्याची हमी आठवीपर्यंतचीच. शाळेत त्याच माध्यमाचे दहावीपर्यंतचे वर्ग नसतील, तर नववीसाठी नवी शाळा शोधावी लागते. अंतर वा खर्च वाढला, की अनेकांचे, विशेषतः मुलींचे, शिक्षण तेथेच थांबते. म्हणून पहिलीच्या प्रवेशावेळीच दहावीची सोय तपासणे शहाणपणाचे.