चुलीतून सुटलेला धूर

कापसाची वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटायच्या, पेंढ्या बांधायच्या आणि घरामागे रचून ठेवायच्या, ही परभणी जिल्ह्यातली जुनी रीत. जोडीला तुराट्या आणि गोवऱ्या. पऱ्हाटी भडभड पेटते आणि तितक्याच लवकर विझते. म्हणून स्वयंपाक करणारीला चुलीपुढून हलता येत नाही. हातात फुंकणी, डोळ्यांत पाणी. देशाच्या हवेत थेट मिसळणाऱ्या सूक्ष्म धूलिकणांचा सर्वांत मोठा वाटा कित्येक दशकं अशाच चुलींचा होता. तरी प्रदूषण म्हटलं की आपल्याला दिल्ली-मुंबईच आठवते, आणि ही बाई हिशेबाबाहेर राहते. मला हा अन्याय वाटतो.

हा धूर आता घटतो आहे. गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं २०१५-१६ मध्ये ४३.८ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के झाली. मात्र सिलिंडर परवडला नाही की घरात गॅस असूनही चूल पेटते. रॉकेलची चिमणी गेल्याचा फायदा अधिक निर्विवाद आहे. साध्या वातीच्या दिव्यात जळणाऱ्या रॉकेलाचा ७ ते ९ टक्के भाग निव्वळ काजळी होतो. घरात वीज आली आणि ती काजळी गेली. वाहनांचंही तसंच: २००० साली पेट्रोलमधलं शिसं गेलं, १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे वाहनांच्या धुराचं मानक लागू झालं आणि इंधनातल्या गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली.

पण चिमणी घालवणारी वीज कोळशाची होती. परभणीपासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर, बीड जिल्ह्यात, परळीचं औष्णिक केंद्र आहे. तिथला पहिला ३० मेगावॉटचा संच १९७१ चा. आज २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. त्याला पाणी पुरवणारा खडका बंधारा गोदावरीवर, परभणीच्याच सोनपेठ तालुक्यात. २०१५ च्या दुष्काळात पाणी संपलं आणि केंद्र बंद ठेवावं लागलं. म्हणजे परळीची चिमणी परभणीच्या पाण्यावरही चालते.

आपल्या कोळशात राख भरपूर, ३५ ते ४५ टक्के. गंधक त्या मानाने थोडा. त्यामुळे राख पकडणारी यंत्रं आधी बसली आणि सल्फर डायऑक्साइडसाठी फक्त चिमणी उंच करण्याचा नियम राहिला. कोळशाची वीज वाढत गेली, तसा हा वायूही वाढला. चीनने २००७ नंतर आपलं उत्सर्जन सुमारे तीन चतुर्थांशाने उतरवलं. २०१६ च्या सुमारास भारत त्याच्या पुढे गेला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने पहिल्यांदा मर्यादा घातली, दोन वर्षांची मुदत दिली, मग ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. जुलै २०२५ मध्ये तर मोठी शहरं आणि प्रदूषित पट्टे यांपासून दूर असलेल्या, म्हणजे देशातल्या बहुसंख्य, औष्णिक संचांना गंधक काढणाऱ्या यंत्रणेच्या सक्तीतून सूट मिळाली.

हवेत हा वायू मर्यादेतच सापडतो, असं सुटीचं समर्थन आहे. ते मला पटत नाही. हा वायू वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाताना सल्फेट बनतो, शेतातल्या युरियातून आणि शेणातून उठणाऱ्या अमोनियाशी जुळतो आणि सूक्ष्म कण होऊन फुप्फुसात शिरतो. वायूच्या नोंदीत तो मग दिसत नाही. धूलिकणांत मोजला जातो, तोही यंत्र असेल तिथेच. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मराठवाड्यातून छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर आहेत. परभणी नाही.

आणि पऱ्हाट्या? घरात गॅस आला, मजुरी महागली, रब्बीसाठी रान मोकळं करायची घाई असते. त्यात गुलाबी बोंडअळीची धास्ती: २०१७ च्या हंगामात तिने महाराष्ट्रातला कापूस पोखरला, तेव्हापासून फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेलं कापसाचं पीक) घेऊ नका, पऱ्हाट्या रानात ठेवू नका, हा कृषी शास्त्रज्ञांचा सल्ला आहे. तो योग्यच आहे. पऱ्हाट्या बारीक करून मातीत मिसळल्या तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो. पण त्यासाठी ट्रॅक्टरवर चालणारं कुट्टी यंत्र भाड्याने आणावं लागतं, आणि काडेपेटी प्रत्येकाच्या खिशात असते.