रानातील तण आणि त्यांतील अँटिऑक्सिडंट द्रव्ये

पावसाळ्याच्या पहिल्या सरींनंतर शेतात पिकाबरोबरच, किंबहुना पिकाच्याही आधी, घोळ, टाकळा, कुरडू, तांदुळजा उगवून येतात. खुरपणी करणारी स्त्री यांतील कोवळे शेंडे ओटीत घालते व उरलेले बांधावर टाकते. अलीकडे मात्र अशाच वनस्पतींची भुकटी व रस ‘अँटिऑक्सिडंट’ या नावाने सेवन केले जातात आणि मूत्रपिंडाचा विकार असलेला रुग्णही ‘हे घेऊ का?’ असे विचारतो. या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यामागील रसायनशास्त्र थोडे समजून घेणे इष्ट ठरेल.

पेशींमध्ये अन्नापासून ऊर्जा निर्माण होताना प्राणवायूचे काही अतिक्रियाशील कण तयार होतात. त्यांतील ज्या कणांमध्ये एखादा इलेक्ट्रॉन जोडीविना असतो, त्यांना मुक्त मूलके म्हणतात. ही मूलके पेशीच्या आवरणातील स्निग्ध द्रव्ये, प्रथिने व डीएनए यांतून इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि त्यांची हानी करतात. त्यांना आवर घालण्यासाठी कॅटालेजसारखी विकरे व ग्लुटाथायोन ही शरीराची स्वतःची व्यवस्था असते. मुक्त मूलके सर्वस्वी शत्रू नव्हेत, कारण पांढऱ्या पेशी जंतूंचा नाश करण्यासाठी अशाच कणांचा उपयोग करतात. वनस्पतीला तर दिवसभर उन्हात उभे राहून स्वतः प्राणवायू तयार करावयाचा असतो. म्हणून तिच्या पानांत कॅरोटीन, क आणि ई जीवनसत्त्वे व पॉलिफेनॉल द्रव्ये साठविलेली असतात. ती तिने स्वतःसाठी निर्माण केलेली असतात, आपल्यासाठी नव्हे.

या सर्वांत घोळ विशेष उल्लेखनीय आहे. 1992 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार घोळीच्या 100 ग्रॅम ताज्या पानांत 300 ते 400 मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल (ओमेगा-3 गटातील स्निग्धाम्ल), 12.2 मिलिग्रॅम अल्फा-टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्व, 26.6 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, 1.9 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि 14.8 मिलिग्रॅम ग्लुटाथायोन आढळले. पायाखाली तुडविल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या दृष्टीने ही संपत्ती मोठीच म्हणावी लागेल. तिच्या देठाचा तांबूस रंग बीटालेन या रंगद्रव्यांचा असून बीटाचा लाल रंगही याच गटातील द्रव्यांमुळे येतो.

परंतु त्याच पानांत ऑक्झॅलिक आम्लही भरपूर असते. ते कॅल्शियमशी संयोग पावून अविद्राव्य स्फटिक बनते. हा संयोग आतड्यातच झाला तर स्फटिक शौचावाटे बाहेर पडतात. तसे न झाल्यास ऑक्झॅलेट रक्तात शोषले जाते व मूत्रपिंडातून बाहेर टाकावे लागते, आणि तेथेच खडे होण्याचा संभव असतो. आपल्याकडे घोळीची भाजी ताकात शिजविण्याची जी रीत आहे, तिचे मर्म येथे उलगडते. ताकातील कॅल्शियम विद्राव्य ऑक्झॅलेटला बांधून ठेवते. सकाळी उपाशीपोटी कच्च्या पानांचा पेलाभर रस घेणे हे मात्र या शहाणपणाच्या नेमके उलट आहे. हिरव्या रसांच्या अतिसेवनाने मूत्रपिंडात ऑक्झॅलेट साचून ती निकामी झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

इतर तणांविषयी थोडक्यात सांगावयाचे, तर रब्बीतील चाकवतात कॅरोटीन व पॉलिफेनॉल विपुल असतात, पण ऑक्झॅलेटही असते. टाकळ्यात अँथ्राक्विनोन गटातील द्रव्ये असल्याने तो सारक आहे, म्हणून त्याची कोवळी पानेच खावीत.

‘अमुक वनस्पतीत अँटिऑक्सिडंट गुण सिद्ध झाले’ असे वाचनात येते, तेव्हा बहुधा एक साधी चाचणी झालेली असते. डीपीपीएच नावाच्या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात पानांचा अर्क घालतात. ते जितके फिकट पिवळे होईल, तितका अर्काचा गुण अधिक मानतात. या चाचणीत गाजरगवताचा अर्कही गुण दाखवितो, कारण त्यातही कॅफिक, फेरुलिक यांसारखी फेनॉलिक आम्ले असतात. त्याच गाजरगवतातील पार्थेनिन त्वचेचा चिवट दाह निर्माण करते! परीक्षानळीतील द्रावणाला यकृत नसते व मूत्रपिंडही नसते. वनस्पती खाण्यास योग्य आहे किंवा नाही, हे ती सांगू शकत नाही.

अँटिऑक्सिडंट वेगळे काढून मोठ्या मात्रेत दिल्यास काय होते, याचाही अनुभव घेऊन झाला आहे. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण 18 टक्क्यांनी अधिक आढळले. अमेरिकेतील तशीच एक चाचणी 1996 मध्ये मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. भाजीतील कॅरोटीन व गोळीतील कॅरोटीन यांचा हिशेब एक नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

निरोगी व्यक्तीने ऋतूनुसार या भाज्या शिजवून आवर्जून खाव्यात. तणनाशक फवारलेल्या शेतातील, गटाराकाठच्या वा रस्त्यालगतच्या भाज्या मात्र घेऊ नयेत. घोळीसारखीच जमिनीसरपट वाढणारी दुधी ही रानवनस्पती ओळखण्यासाठी देठ मोडून पाहावा. पांढरा चीक आल्यास ती घोळ नव्हे. मुतखडा झालेल्यांनी घोळ व चाकवत मोजकेच घ्यावेत. मूत्रपिंडाचा जुनाट विकार असलेल्यांनी व डायलिसिसवरील रुग्णांनी पोटॅशियमचाही विचार करून आहारतज्ज्ञांस विचारल्याशिवाय या भाज्या खाऊ नयेत व रस तर घेऊच नये. रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफॅरिन घेणाऱ्यांच्या बाबतीत पालेभाजीतील के जीवनसत्त्व औषधाचा परिणाम कमी करते. त्यांनी भाजी वर्ज्य करण्याचे कारण नाही, मात्र प्रमाण आठवड्या-आठवड्याला सारखे ठेवावे आणि नव्याने सुरू केलेली प्रत्येक भुकटी किंवा काढा आयएनआर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगावा.